नऊ घरांचा पट : फुल्ली-गोळ्यापासून आज्ञावलीपर्यंत

कोणत्याही शाळेच्या साठ वर्षांचा इतिहास लिहायला बसले, की इमारती, मुख्याध्यापक, निकाल आणि स्नेहसंमेलने यांची नोंद सहज होते. वह्यांच्या शेवटच्या पानांची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. त्या पानांवर काय असे, हे या स्मरणिकेच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या रेघा, त्यांतून तयार झालेली नऊ घरे आणि त्या घरांत दाटीने भरलेल्या फुल्ल्या व गोळे. हा खेळ कोणत्याही शिक्षकाने शिकवला नाही, कोणत्याही अभ्यासक्रमात तो नव्हता, आणि तासाला खेळताना सापडल्यास शिक्षाच होत असे. तरीही प्रत्येक तुकडीने तो मागून येणाऱ्या तुकडीच्या हाती बिनचूक सोपवला. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांना त्याची दोन नावे ठाऊक असत : शाळेत फुल्ली-गोळा आणि गल्लीत झीरो-काटा. बंगालीत त्याला काटाकुटी म्हणतात, इंग्लंडात नॉट्स अँड क्रॉसेस आणि अमेरिकेत टिक-टॅक-टो.

हा शेवटच्या पानावरचा खेळ आता अभ्यासाच्या पहिल्या पानावर आला आहे. संगणकासाठी आज्ञावली लिहायला शिकणाऱ्यांना जगभर जे आरंभीचे स्वाध्याय दिले जातात, त्यांत फुल्ली-गोळा हमखास असतो. यावर पालकांचा प्रश्न रास्तच असतो : जो खेळ मुले दहाव्या-अकराव्या वर्षी कंटाळून सोडून देतात, तो संगणकाला शिकवून मुले काय शिकणार? या प्रश्नाच्या मागे दुसरा एक प्रश्न असतो. तो सभेत विचारला जात नाही, पण प्रवेशाच्या दिवसांत घरोघरी त्यावर खल होतो : मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला ही विद्या जमेल का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देताना फुल्ली-गोळ्याचा आणि यंत्राचा इतिहास फार उपयोगी पडतो. तो येथे थोडक्यात मांडला आहे.

दगडावरच्या रेघा

तीन खडे एका ओळीत आणण्याचे खेळ फार प्राचीन आहेत. रोमन लोक अशा एका खेळाला ‘तेर्नी लापिल्ली’, म्हणजे ‘तीन-तीन खडे’, असे म्हणत. रोम शहरात त्याचे पट जागोजागी दगडांवर ओरखडलेले सापडले आहेत. आपल्याकडे या कुळातील नवकंकरीचा खेळ परिचित आहे, आणि देवळांच्या व लेण्यांच्या ओट्यांवर, घाटांच्या पायऱ्यांवर कोरलेले असे जुने पट आजही पाहायला मिळतात. यात्रेकरू, पहारेकरी, गुराखी अशा वाट पाहत बसणाऱ्यांनी ते कोरले असावेत, असे मानण्यास जागा आहे.

या जुन्या खेळांत आणि फुल्ली-गोळ्यात एक महत्त्वाचा भेद आहे. तेथे मांडलेला खडा पुढे सरकवता येतो, त्यामुळे डाव कितीही लांबू शकतो. फुल्ली-गोळ्यात एकदा केलेली खूण जागची हलत नाही. घरे नऊच असल्याने खेळ्याही जास्तीत जास्त नऊच होतात, आणि नवव्या खेळीला डाव संपलाच पाहिजे. या नियमामुळे खडे-सोंगट्यांची गरज उरली नाही. पाटी-पेन्सिल किंवा कागदाचा तुकडा पुरेसा झाला. याच नियमामुळे पुढे यंत्राच्या अभ्यासकांचे लक्षही या खेळाकडे गेले. जे निश्चितपणे संपते त्याचा हिशेब मांडता येतो, आणि ज्याचा हिशेब मांडता येतो ते यंत्राकडून करवून घेता येण्याची शक्यता असते.

कोंबडा आणि कोकरू

ही शक्यता प्रथम गांभीर्याने पडताळून पाहणारा मनुष्य म्हणजे चार्ल्स बॅबेज (१७९१-१८७१). दातेरी चाकांवर चालणाऱ्या त्यांच्या ‘विश्लेषक यंत्रा’ची योजना आधुनिक संगणकाची पूर्वज मानली जाते. ते यंत्र पुरे करण्यासाठी लागणारा पैसा काही त्यांना मिळाला नाही. १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्यांनी सांगितले आहे, की यंत्राला बुद्धीचा खेळ खेळता येईल का, या विचाराने त्यांना पछाडले होते आणि त्यासाठी त्यांनी सर्वांत साधा खेळ निवडला, तो फुल्ली-गोळ्याचा.

त्यांच्या कल्पनेतील यंत्र मोठे मजेदार होते. यंत्रावर दोन मुलांच्या आकृत्या असाव्यात; एकीजवळ कोंबडा, दुसरीजवळ कोकरू. जिंकणाऱ्या मुलाने टाळ्या वाजवाव्यात आणि कोंबड्याने आरवावे. हरणाऱ्या मुलाने हात चोळत रडावे आणि कोकराने बें बें करावे. असे यंत्र गावोगाव दाखवून जमणाऱ्या पैशातून मोठे यंत्र पुरे करावे, असा त्यांचा बेत होता. चौकशीअंती मात्र त्यांना कळले, की लोकांची गर्दी त्या वेळी टॉम थम्ब या ठेंगण्या कलावंताकडे लोटत होती आणि कल्पक यंत्रे दाखवणाऱ्यांच्या पदरी फारसे काही पडत नव्हते. बेत तेथेच राहिला.

या गमतीखाली एक गंभीर प्रश्न दडलेला होता, आणि तो बॅबेज यांच्या नजरेतून सुटला नाही. समोर दोन सारख्याच चांगल्या खेळ्या असतील, तर यंत्राने कोणती निवडावी? माणूस अशा वेळी ‘ही घेऊ’ म्हणून मोकळा होतो. यंत्राला ‘ही घेऊ’ म्हणता येत नाही; त्याला कारण द्यावे लागते. बॅबेज यांनी तोडगा काढला तो असा : यंत्राने आजवर जिंकलेल्या डावांची मोजदाद ठेवावी, ती संख्या सम असेल तर पहिली खेळी करावी, विषम असेल तर दुसरी. पर्याय तीन असल्यास त्या संख्येला तीनने भागून बाकी पाहावी. आज सातवीतला विद्यार्थी ही आज्ञावली लिहू लागला, की नेमक्या याच ठिकाणी येऊन थबकतो. ‘मी कुठेही ठेवले असते’ हे वाक्य यंत्राला सांगता येत नाही, हा त्याच्या शिक्षणातला पहिला धडा असतो.

टोरांटोची गर्दी, केंब्रिजचा पडदा

बॅबेज यांची जत्रेची कल्पना प्रत्यक्षात आली ती १९५० साली कॅनडात. व्हिएन्नात जन्मलेले अभियंते जोसेफ केट्स यांनी एक नवी निर्वात नळी तयार केली होती. तिची करामत लोकांना दाखवावी म्हणून त्यांनी टोरांटोच्या कॅनेडियन नॅशनल एक्झिबिशनमध्ये सुमारे चार मीटर उंचीचे एक यंत्र उभारले. त्याचे नाव होते ‘बर्टी द ब्रेन’. प्रेक्षकाने नऊ कळांपैकी एक दाबावी, यंत्राने दिव्यांच्या प्रकाशात आपली खेळी दाखवावी, आणि भोवतालच्या गर्दीने दाद द्यावी, असा प्रकार होता. यंत्राची हुशारी कमी-अधिक करण्याची सोय होती. विनोदी अभिनेते डॅनी के यांनी बर्टीला हरवले तेव्हाचे छायाचित्रही निघाले. अर्थात त्या आधी त्यांना अनेकदा हार पत्करावी लागली होती आणि यंत्राची हुशारी बरीच उतरवावी लागली होती. प्रदर्शन संपल्यावर बर्टी मोडीत निघाला. ज्या नळीसाठी हा सारा खटाटोप केला, ती बाजारात कधी आलीच नाही.

बर्टी हा एकाच कामासाठी बांधलेला होता. त्याला दुसरे काहीही येत नव्हते. केंब्रिज विद्यापीठाचा ‘एडसॅक’ मात्र खऱ्या अर्थाने संगणक होता, म्हणजे त्याच्या स्मृतीत जशी आज्ञावली भरावी तसे काम तो करी. मॉरिस विल्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेल्या या यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली चालवली. सुमारे ३,००० निर्वात नळ्यांचे हे धूड एक दालन व्यापून असे, आणि स्मृतीसाठी त्यात पाऱ्याने भरलेल्या नळ्या होत्या. १९५२ साली अलेक्झांडर डग्लस या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या प्रबंधासाठी माणूस आणि संगणक यांच्यातील देवघेवीचे उदाहरण हवे होते. त्यांनी फुल्ली-गोळा निवडला. खेळणाऱ्याने टेलिफोनची तबकडी फिरवून १ ते ९ यांपैकी घराचा आकडा सांगायचा. संगणक आपले उत्तर ३५ गुणिले १६ ठिपक्यांच्या छोट्या पडद्यावर फुल्ली किंवा गोळा काढून द्यायचा. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या अगदी आरंभीच्या संगणक-खेळांत याची गणना होते. एडसॅक जगात एकच असल्याने हा खेळ केंब्रिजच्या त्या प्रयोगशाळेतील मोजक्या मंडळींपलीकडे कोणाच्या वाट्याला आला नाही.

विल्क्स यांच्या आत्मचरित्रातील एक आठवण विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. एडसॅकच्या आरंभीच्या दिवसांत जिना चढता चढता त्यांच्या एकदम लक्षात आले, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आता स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार. यंत्र बांधणाऱ्या आचार्यांचीच ही कथा, तर पहिल्या प्रयत्नात आज्ञावली चालली नाही म्हणून शाळकरी मुलाने खट्टू होण्याचे कारण नाही.

हिशेब नऊ घरांचा

खेळ जर इतका लहान आहे, तर त्यात डाव तरी किती निघतात? हा प्रश्न वर्गात विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. बहुतेक मुले ‘शंभर-दोनशे’ म्हणतात. पहिल्या खेळीला नऊ घरे, दुसरीला आठ, तिसरीला सात, असे गुणत गेल्यास ३,६२,८८० ही संख्या येते. पण कित्येक डाव नऊ घरे भरण्याआधीच संपतात. ते ध्यानात घेऊन काटेकोर मोजणी केली, तर एकंदर डाव २,५५,१६८ भरतात. त्यांपैकी १,३१,१८४ डावांत पहिला खेळाडू जिंकतो, ७७,९०४ डावांत दुसरा, आणि ४६,०८० डाव बरोबरीत सुटतात. कोणत्याही क्षणी पट कसा दिसू शकेल, अशा वेगवेगळ्या मांडण्या ५,४७८ आहेत. पट फिरवून किंवा आरशात पाहून सारख्या दिसणाऱ्या मांडण्या एकच धरल्या, तर त्या अवघ्या ७६५ उरतात. पहिली खेळी नऊ प्रकारची भासते, पण वस्तुतः ती तीनच प्रकारची आहे : कोपरा, कडेचे मधले घर, किंवा पटाचा मध्य.

दोन्ही खेळाडू चुका न करता खेळले, तर डाव बरोबरीतच सुटतो. मुले हा खेळ सोडतात ती याच कारणाने. कोणीही सिद्धता न शिकवता ती या निष्कर्षापर्यंत पोहोचतात, ही लहान गोष्ट नव्हे. मोठ्यांच्या जगात या विचाराला शास्त्राचे रूप यायला विसावे शतक उजाडले. १९१३ साली एर्न्स्ट झेर्मेलो यांनी बुद्धिबळासारख्या खेळांचा गणिती विचार मांडला, १९२८ साली जॉन फॉन नॉयमन यांनी खेळांच्या सिद्धान्ताचा पाया घातला, आणि १९५० साली क्लॉड शॅनन यांनी संगणकाला बुद्धिबळ कसे शिकवावे यावर निबंध लिहिला. या सर्वांमागची युक्ती घरगुती भाषेत सांगायची तर अशी : आपली खेळी ठरवताना समोरचा त्यावर सर्वांत चांगले उत्तर देईल असे धरून चालावे, मग त्यावरचे आपले उत्तर, मग त्याचे, असे डाव संपेपर्यंत मनात खेळून पाहावे; आणि जी खेळी केल्यावर समोरच्याचे सर्वोत्तम उत्तरही आपले कमीत कमी नुकसान करील, ती निवडावी. बुद्धिबळात असे शेवटपर्यंत पाहणे अशक्य असते. शॅनन यांच्या अंदाजाप्रमाणे तेथील डावांची संख्या एकावर एकशेवीस शून्ये इतकी भरते. फुल्ली-गोळ्यात मात्र आजचा साधा संगणकही सारे डाव क्षणात पाहून मोकळा होतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती येथे अक्षरशः लागू पडते : लहान खेळात समजलेली युक्ती मोठ्या खेळातही तीच असते.

येथे आपल्या परंपरेतील एका दुव्याचा उल्लेख अस्थानी ठरू नये. तीन गुणिले तीनच्या चौकटीत १ ते ९ हे आकडे असे भरता येतात, की आडवी, उभी आणि तिरपी कोणतीही बेरीज पंधराच येते : वरच्या ओळीत २, ७, ६, मधल्या ओळीत ९, ५, १, खालच्या ओळीत ४, ३, ८. पंधराचे हे यंत्र जुन्या दुकानांच्या भिंतींवर शेंदराने काढलेले अनेकांनी पाहिले असेल. नारायण पंडितांनी १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त अशा चौकटींच्या गणिताला, म्हणजे भद्रगणिताला, एक सबंध प्रकरण वाहिले आहे. गंमत अशी, की १ ते ९ मधील तीन वेगवेगळ्या आकड्यांची बेरीज पंधरा होईल अशा जोडण्या आठच आहेत, आणि फुल्ली-गोळ्यात जिंकण्याच्या ओळीही आठच : तीन आडव्या, तीन उभ्या, दोन तिरप्या. तेव्हा ‘कोण जिंकले?’ हे शोधण्यासाठी संगणकाला रेघा पाहाव्या लागत नाहीत. एका खेळाडूच्या कोणत्याही तीन घरांतील आकड्यांची बेरीज पंधरा होते का, एवढे तपासले तरी पुरते.

काडेपेट्यांचे यंत्र

आपली शाळा ज्या दशकात सुरू झाली, त्याच दशकाच्या आरंभी एडिनबरा येथे या खेळाच्या इतिहासातील सर्वांत सुंदर प्रयोग झाला. डोनाल्ड मिकी हे युद्धकाळात ब्लेचली पार्क येथे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर होते, आणि तेथे ॲलन ट्युरिंग यांच्याशी त्यांच्या यंत्रबुद्धीवर गप्पा होत. युद्धानंतर ते जीवशास्त्राकडे वळले. चुकत-चुकत शिकणे यंत्राला जमेल का, हा प्रश्न त्यांच्या मनात होता. हाताशी संगणक मात्र नव्हता. म्हणून १९६१ च्या सुमारास त्यांनी ३०४ रिकाम्या काडेपेट्यांचे यंत्र उभे केले. त्याचे नाव ‘मेनेस’.

रचना अशी होती. पटाच्या प्रत्येक मांडणीसाठी एक काडेपेटी. पहिली खेळी यंत्राचीच असे, म्हणून त्याच्या वाट्याला येणाऱ्या मांडण्या पहिल्या खेळीला १, तिसऱ्या खेळीला १२, पाचव्या खेळीला १०८ आणि सातव्या खेळीला १८३; एकूण ३०४. नववी खेळी उरलेल्या एकाच घरात होणार, म्हणून तिला पेटी नको. प्रत्येक पेटीत नाना रंगांचे मणी, आणि प्रत्येक रंग म्हणजे एक घर. समोरच्या मांडणीची पेटी उचलायची, हलवायची, आणि जो मणी पुढच्या टोकाशी येईल त्या रंगाच्या घरात खूण करायची. डाव संपला, की बक्षीस किंवा शिक्षा. यंत्र जिंकले, तर डावात वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्या-त्या रंगाचे तीन मणी वाढवायचे. बरोबरी झाली तर एक मणी वाढवायचा. हरले तर खेळलेला मणी काढून घ्यायचा. मिकी या काडेपेट्यांशी २२० डाव खेळले. सुरुवातीला हरणाऱ्या पेट्या काही डावांतच बरोबरी साधू लागल्या, आणि पुढे मिकींनी आडवळणाच्या खेळ्या करून पाहिल्या तेव्हा त्यांनाही मात देऊ लागल्या.

या पेट्यांना खेळाचे नियम ठाऊक नव्हते, तीन एका ओळीत आणायचे असतात हेही ठाऊक नव्हते. यश मिळाले ती वाट अधिक वेळा चोखाळायची आणि अपयश आले ती टाळायची, एवढ्यावर त्या शिकल्या. आज ज्याला यंत्र-अध्ययन म्हणतात आणि ज्याच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरलेली असतात, त्याच्या एका प्रमुख शाखेचे बीज या काडेपेट्यांत आहे. विजेचा एक तारही न वापरता हा प्रयोग कोणत्याही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात करून दाखवता येईल, आणि गणकयंत्र म्हणजे जादू, ही समजूत घालवायला त्याहून चांगले साधन सापडणार नाही.

आपल्याकडचा प्रवास

भारतात संगणकाचा प्रवेश झाला तो १९५५ च्या अखेरीस, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आलेल्या यंत्राच्या रूपाने. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली कार्यान्वित झाला. १९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आलेल्या संगणकावर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष आज्ञावली लिहायला मिळू लागली. शाळांच्या दारापर्यंत संगणक यायला आणखी दोन दशके लागली. १९८४ साली केंद्र शासनाने शालेय संगणक साक्षरतेची ‘क्लास’ योजना आरंभली आणि पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. त्या काळी शिकवली जाणारी भाषा ‘बेसिक’ होती. तीही मुळात, १९६४ साली, अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन गणितज्ञांनी विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून रचली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आज्ञावलीलेखनाचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आणले; त्याच धोरणाने शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत शिक्षण मातृभाषेतून व्हावे असेही म्हटले. या दोन शिफारशी परस्परांना पूरक कशा आहेत, हे फुल्ली-गोळ्याच्या स्वाध्यायात स्पष्ट दिसते.

सांगता येणे म्हणजे येणे

हा स्वाध्याय संगणकाला हात लावण्यापूर्वीच सुरू होतो. विद्यार्थ्याला सांगावे : या खेळाचे नावही न ऐकलेल्या, आणि सांगितले तेवढेच करणाऱ्या माणसाला तो कसा खेळायचा हे लिहून दे. येथे हातांना वर्षानुवर्षे ठाऊक असलेली गोष्ट शब्दांत आणताना पहिल्यांदा धांदल उडते. ‘पाळीपाळीने खेळायचे’ असे मूल लिहिते, पण भरलेल्या घरात खूण करायची नाही हे लिहायचे राहून जाते, कारण ते त्याला सांगण्यासारखे वाटतच नाही. तीन एका ओळीत आले की जिंकले, असे लिहिते. नऊ घरे भरली आणि कोणी जिंकले नाही तर काय, हे विसरते. नववी खूण पडताच एखादी ओळही पुरी झाली, तर आधी काय तपासायचे? बरोबरी आधी तपासली, तर जिंकलेला डाव बरोबरीचा ठरतो.

मग यंत्राला चांगले खेळायला शिकवण्याची वेळ येते. मुले दोन नियम चटकन सांगतात : जिंकता येत असेल तर जिंक, समोरचा जिंकत असेल तर अडव. हे दोन नियम उलट क्रमाने लिहिले, तर हातातोंडाशी आलेला विजय सोडून यंत्र अडवत बसते. तिसरा नियम बहुधा असा असतो : मधले घर मोकळे असेल तर ते घे, नाहीतर कोपरा घे. हा नियम निर्दोष वाटतो. पण समोरच्याने वरच्या डाव्या कोपऱ्यात फुल्ली केली, यंत्राने मधले घर घेतले, आणि समोरच्याने खालचा उजवा कोपरा घेतला, तर नियमाप्रमाणे तिसरा कोपरा घेणारे यंत्र हमखास हरते : त्याला अडवण्यासाठी चौथ्या कोपऱ्यात केलेली फुल्लीच दोन ओळी एकदम उघडते, आणि एका खेळीत दोन ओळी अडवता येत नाहीत. येथे कडेचे घर घ्यायला हवे. हे छिद्र ज्या विद्यार्थ्याने स्वतः शोधले, त्याला नियमाला अपवाद कसा सापडतो, तो का सापडतो आणि त्यासाठी नियम कसा सुधारायचा, हे कायमचे कळले. हीच शिस्त पुढे भूमितीच्या सिद्धतेत, वकिलाच्या मसुद्यात आणि डॉक्टरांच्या निदानातही लागते.

आता त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. वर वर्णिलेल्या कामाचा अवघड भाग कोणता? ‘जर’, ‘तर’, ‘नाहीतर’, ‘तोपर्यंत’, ‘प्रत्येक’ या शब्दांचा नेमका वापर. हे शब्द मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेतच पक्के होतात. पुढचे काम, म्हणजे ते शब्द पायथॉनसारख्या संगणकभाषेत उतरवणे, त्या मानाने हलके आहे. पायथॉनमध्ये राखीव इंग्रजी शब्द आहेत अवघे पस्तीसच्या आसपास, आणि फुल्ली-गोळ्याला त्यांतील दहा-बारा पुरतात. तेवढे शब्द आपल्या शाळेतले कोणतेही मूल आठवड्याभरात शिकते. इतकेच नव्हे, तर पटाची माहिती ठेवण्याच्या जागेला विद्यार्थ्याने देवनागरीत ‘पाटी’ असे नाव दिले, तरी पायथॉनला ते चालते. आणि खेळणाऱ्याने घराचा क्रमांक म्हणून देवनागरी ‘५’ टंकित केला, तर त्याचा पाच हा आकडा करून घेणेही त्याला जमते.

अर्थात यातून इंग्रजीची गरज नाही असा अर्थ कोणी काढू नये. पुढे ग्रंथ, टिपणे आणि जगभरच्या सहकाऱ्यांशी होणारा पत्रव्यवहार यांसाठी इंग्रजी लागेलच, आणि ती उत्तम शिकवणे हे शाळेचे कर्तव्य आहे. आपल्या मुलांना तर ती तिसरी भाषा. घरात एक, गल्लीत दुसरी आणि पुस्तकात तिसरी, अशी कसरत ती बालपणापासून करीत आली आहेत. एकाच खेळाला फुल्ली-गोळाही म्हणतात आणि झीरो-काटाही, नाव बदलले तरी नियम बदलत नाही, हे ज्याला सहाव्या वर्षी उमगले आहे, त्याला तोच नियम एका भाषेतून काढून दुसऱ्या भाषेत मांडण्याचा सराव आधीच झालेला असतो. आज्ञावली लिहिणे हे मोठ्या प्रमाणात याच जातीचे काम आहे.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थी शाळेला काही ना काही देऊ इच्छितात. संगणक, पडदे, आसने यांची गरज आहेच. पण त्यांच्यापैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी एखाद्या शनिवारी सातवीच्या वर्गात येऊन फळ्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा ओढाव्यात, मुलांकडून मराठीत नियम वदवून घ्यावेत, आणि मुले सांगतील तेवढेच, अगदी तेवढेच करावे. पहिल्या पाच मिनिटांत भरलेल्या घरावर दुसरी खूण पडेल, वर्गात हशा पिकेल, आणि एखादी मुलगी उठून म्हणेल, ‘सर, ते सांगायचं राहिलंच.’ जे राहिले ते लिहून काढायला तिला खडू द्यावा.